भरल्या टाकीचा सूड

२१ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी लिहिणार. माझ्यावर अन्याय झाला आहे आणि अन्यायाची नोंद कुठेतरी असायला हवी. हेल्वीला सांगून उपयोग नाही. ती बायको म्हणून ऐकते, पण विणता विणता ऐकते.

झालं असं. यार्डला नवा मुकादम मिळाला. मी नव्हे. या लाकडाच्या मिलमधल्या डिझेल फोर्कलिफ्ट मी पोटच्या पोरांपेक्षा जास्त सांभाळल्या. हेल्वी म्हणते, ते खरंय, आणि ही मिरवायची गोष्ट नाही. असो. सकाळी मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं आणि हेलसिंकीहून आलेल्या एका बाईला पुढे उभं केलं. नाव योन्ना. आधी बंदरावर मशीन चालवायची म्हणे. बंदरावर! तापमान उणे सात झालं की तिथली माणसं एकमेकांना निरोपाचे फोन करत असतील. मॅनेजर मला म्हणाला, काउको, तू हिला सगळं दाखवशील ना? मी म्हणालो, हूं. फिनलंडच्या उत्तरेकडे, आमच्या कैनू भागात, हूं म्हणजे हो. पण मनातून तो नकार होता.

ठराव: या बाईशी एक शब्द बोलायचा नाही. कडकडीत अबोला. अबोल्याने माणूस आतून पोखरतो. बघू किती दिवस टिकते.

२४ ऑगस्ट
अबोला चालू. तिची चांगलीच घालमेल होत असणार.

ऑगस्टमध्ये कुणीही मुकादम होईल. खरा मुकादम कोण ते इथे थंडी ठरवते. आणि थंडीचा मालक मी आहे. कॉफीच्या खोलीत खिळ्याला कोल्ह्याच्या कातडीची टोपी लटकते, कानांवर झापडं असलेली. गेटवरचा थर्मामीटर ज्या सकाळी पहिल्यांदा उणे वीसच्या खाली जातो, त्या सकाळी सगळे एकदम मशीन सुरू करतात, शेडमधून फळ्यांचा एकेक गठ्ठा उचलतात, आणि जो पहिला गेटबाहेर नेऊन ठेवतो त्याच्या डोक्यावर ही टोपी हिवाळाभर राहते. शिवाय हीटरजवळची खुर्ची. दर हिवाळ्यात टोपी माझ्याकडेच असते. एकदा नव्हती, तेव्हा माझं अपेंडिक्स काढलं होतं. टोपीला आता माझ्या डोक्याचाच वास येतो. टार्मो म्हणतो, म्हणून तर दुसरं कुणी जोर लावत नाही. टार्मो दोन नंबरची फोर्कलिफ्ट चालवतो आणि माझा जिवलग मित्र आहे, म्हणजे कित्येक वर्षं कॉफीला माझ्यासमोर न बोलता बसतो. त्याला विनोद जमत नाही.

बेत असा: पहिल्या थंडीला त्या बाईची सगळी मशीनं थंडगार पडलेली, ट्रक खोळंबलेला, मॅनेजर खिडकीत, आणि मी एकटा माझ्या चार नंबरवरून टोपी घालून तिच्या नाकासमोरून जाणार. मॅनेजर म्हणेल, चुकलंच आमचं, काउको. तेव्हा करायचा चेहरा आरशात करून पाहिला. हेल्वीने विचारलं, दात दुखतोय का?

२८ ऑगस्ट
तिने थंडीच्या तयारीची मीटिंग घेतली. ऑगस्टमध्ये! बाहेर डास चावतायत आणि बाई उणे तीसवर बोलतेय.

म्हणाली, सप्टेंबरच्या मध्यावर हिवाळी डिझेलचा टँकर येईल. तोवर आहे ते उन्हाळी डिझेल जाळून संपवा. थंडीत ते मेणासारखं घट्ट होतं, फिल्टर तुंबतो, इंजिन मरतं. तेव्हा टाक्या तळाला जाऊ द्या आणि मधे कुणी भरू नका. हे सगळं माझ्याकडे बघून. मला सांगते डिझेल गोठतं! मी डिझेल गोठताना पाहिलं तेव्हा ही दुधाच्या बाटलीवर होती. आग मस्तकात गेली, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

वर चुकीचं सांगते. पानगळीत टाकी रिकामी ठेवली की आत ओल धरते, ओलीचं पाणी, पाण्याचा बर्फ. भरलेली टाकी हा आमच्याकडचा पहिला नियम. मला शिकवायला निघालीय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चार नंबरची टाकी काठोकाठ भरली. नोझल शेवटच्या थेंबापर्यंत दाबून धरलं. झाकण घट्ट लावलं. सुडाला सुरुवात झाली.

४ सप्टेंबर
भरलेली टाकी भरलेलीच ठेवायची तर मशीन चालवून चालणार नाही. म्हणून चार नंबर शेडच्या कोपऱ्यात झाकून ठेवली आहे आणि काम सात नंबरवर करतो. सात नंबर ही राखीव गाडी. तिची सीट कुणीतरी फार जाड माणसाने बसवलेली आहे. पाठीची वाट लागली. पण सूड म्हटलं की सोसावं लागतं.

१६ सप्टेंबर
टँकर आला. सगळ्यांनी नवं डिझेल भरलं. बाई प्रत्येक मशीनपाशी जाऊन विचारत होती. माझ्यापाशी येऊन म्हणाली, काउको, चारचं जुनं संपलं? मी मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते मुद्दाम अस्पष्ट ठेवलं. ती म्हणाली, मस्त, आणि पुढे गेली. इतकी सहज फसली की मलाच वाईट वाटलं. तसं फार नाही वाटलं.

२ ऑक्टोबर
हद्द झाली.

यार्डच्या कडेने प्लगचे खांब आहेत. थंडीत काम संपलं की मशीनची वायर खांबाला लावायची, टाइमर फिरवायचा, मग सकाळपर्यंत हीटर इंजिन ऊबदार करून ठेवतो. एक नंबरचा खांब कॉफीच्या खोलीला चिकटून, वाऱ्याच्या आडोशाला. तो माझा. कुठे लिहिलेलं नाही, पण इथे दुसऱ्याच्या खांबाला वायर लावणाऱ्या माणसाच्या घरी कुणी कॉफीला जात नाही, इतकी ती गंभीर गोष्ट आहे. आणि आज बाईने खांबांच्या चिठ्ठ्या टाकल्या! म्हणे सगळ्यांना सारखी संधी. एक नंबर टार्मोला आला. मला सहा. सहा नंबर तळ्याच्या काठी आहे, तिथे वारा थेट रशियातून येतो.

टार्मोकडे पाहिलं. वाटलं, म्हणेल, नको, हा काउकोचा आहे. तो म्हणाला, बरं.

दोघांचीही जिरवणार. आधी तिची, मग याची.

९ ऑक्टोबर
एक पाऊल पुढे. चार नंबरची बॅटरी काढून घरी आणली. थंडीत बॅटरीचा जीव जातो. माझी बॅटरी पहिल्या थंडीपर्यंत सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, कपडे बदलायच्या खोलीत ऊब घेत बसेल. बाईची मशीनं कण्हत असतील तेव्हा माझी एका किल्लीत गर्जेल.

हेल्वी शनिवारी सौनाला आली. बॅटरीकडे बघून म्हणाली, हिला टॉवेल देऊ का? पुढे काही बोलली नाही. जाताना दिवा मात्र तिने जोरात बंद केला.

१४ ऑक्टोबर
चोरी झाली.

म्हणजे झाली नाही, पण योन्नाने सकाळी चार नंबरचं बॅटरीवरचं झाकण उघडलं आणि बॅटरी गायब. कॉफीला सगळ्यांसमोर म्हणाली, शेडमध्ये चोर शिरलाय. बाकीचे अवाक. आमच्या गावात लोक घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवतात. टार्मो म्हणाला, बाहेरून आलेलं कुणी असेल. मी बनपावात तोंड खुपसलं. सांगायला तोंड उघडलं असतं तर अबोला मोडला असता. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१७ ऑक्टोबर
शेडला नवं कुलूप. किल्ली योन्नाकडे. मी बॅटरी परत नेण्यासाठी हातगाडीवर घालून गोणपाटाने झाकून निघालो होतो. गेटपाशीच ती भेटली. म्हणाली, काय नेतोस? मी गप्प. ती म्हणाली, बटाटे? आणि हसली. मी बटाटे घेऊन घरी परतलो.

दुपारी बघतो तर चार नंबरला कोरी करकरीत नवी बॅटरी बसवलेली. तिने स्वतः बसवली. म्हणाली, काउको, तुझ्या मशीनला हिवाळ्यात त्रास नको. म्हणजे बघा, सहानुभूतीचा आव आणून चारचौघांत माझा पाणउतारा. हाही हिशेब ठेवला आहे.

जुनी बॅटरी सौनातच आहे. हेल्वीने तिच्यावर जिरेनियमची कुंडी ठेवली.

२५ ऑक्टोबर
पहिला बर्फ. चाकांना साखळ्या चढवायचे दिवस. साखळ्या कुठे ठेवल्यात हे मला एकट्याला ठाऊक, आणि मी मूग गिळून बसलो होतो. म्हटलं, शोध बाई, शोध. सकाळी येऊन बघतो तर साखळ्या साफ करून, तेल लावून, मशीननुसार भिंतीवर टांगलेल्या. उन्हाळ्यातच सापडल्या म्हणे.

मग ती मला म्हणाली, टार्मो सांगतो साखळी चढवावी ती काउकोने. बाकीच्यांना एकदा दाखवशील? सगळे बघत होते. मी पाठ फिरवली आणि निघून गेलो. असा सणसणीत अपमान तिचा आयुष्यात झाला नसेल. मागून ती टार्मोला म्हणताना ऐकू आलं, किती लाजाळू माणूस आहे.

रागाने दुपारचं जेवण गेलं नाही. नंतर गेलं.

७ नोव्हेंबर
काल कॉफीला टार्मो अचानक बोलला. म्हणाला, काउको, चारमध्ये डिझेल कुठलं आहे? मी म्हणालो, उत्तम आहे. तो म्हणाला, म्हणजे ऑगस्टचं. मी म्हणालो, ऑगस्टचं डिझेल सगळ्यात ताकदीचं, तुमचं हे हिवाळी म्हणजे पाणी घातलेलं ताक. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, गोठेल रे. उपसून काढ. मी मदत करतो.

बघा, बाईने माझा मित्रही फोडला.

तरी घरी येताना पेट्रोल पंपावरून स्पिरिटची बाटली घेतली. टाकीत ओतायची असते, पाणी बर्फ होत नाही. आज सकाळी अख्खी ओतली. मग टार्मोला सांगितलं. तो म्हणाला, पाण्याचं झालं. मेणाचं काय? मी म्हणालो, इंजिन प्लगवर गरम असणार. इंजिनच्या शेजारीच टाकी आहे. शेजाऱ्याची ऊब शेजाऱ्याला लागतेच. तो म्हणाला, आपल्या गावात नाही लागत.

माझ्या अनुभवापुढे त्याला उत्तर सुचलं नाही हे उघड आहे.

१९ नोव्हेंबर
उणे अकरा. परीक्षा घेतली. चार नंबर चटकन सुरू झाली, लगेच बंद केली. टाकीतलं डिझेल वाया का घालवायचं? सिद्ध झालं. कुठे आहे ते मेण? टार्मोला खिडकीतून अंगठा वर करून दाखवला. त्याने मान डोलावली, पण खालच्या बाजूला जास्त.

बाईशी अबोला अजून अभेद्य. अलीकडे ती मला बघून जरा जास्तच हसते. नक्कीच आतून ढासळली आहे.

२९ नोव्हेंबर
उणे सतरा. जवळ आलं. रोज सकाळी गेटवरच्या थर्मामीटरपाशी उभा राहतो. तीही येऊन उभी राहते. दोघं गप्प. मी वैराने, ती कशाने ते माहीत नाही.

एक महत्त्वाचा निर्णय घेतला. त्या दिवशी मी घरून टोपी घालून निघणार नाही. बोडक्या डोक्याने जायचं आणि येताना कोल्ह्याची टोपी घालून यायचं. मॅनेजरच्याही लक्षात येईल की या माणसाला आपण जिंकणार याची खात्री होती. असा मान स्वतःच्या हाताने घ्यायचा असतो. हेल्वीला अजून सांगितलेलं नाही.

३ डिसेंबर, दुपारी
रेडिओ म्हणतो उद्या उणे सत्तावीस. उद्याच!

सहा नंबरच्या खांबावर विसंबून राहणं म्हणजे वेडेपणा. घरून लांब वायर आणली होती. सगळे कॉफीला गेल्यावर चार नंबर सात नंबरने ओढत ओढत जवळ आणली आणि प्लग एक नंबरच्या खांबाला लावला. टार्मोची वायर काढून बर्फावर ठेवली. हात जरा अडखळला. पण कुणी म्हणेल दुसऱ्याचा खांब घेतला, तर तो दुसऱ्याचा नव्हताच, माझाच होता, चिठ्ठीने चोरला गेला होता.

झोप लागणार नाही. उद्या संध्याकाळी इथे मोठी नोंद होईल. दोन पानं मोकळी ठेवतो आहे.

४ डिसेंबर, सकाळी, निघताना
उणे सत्तावीस. चंद्राभोवती कडं. नाकातले केस कडक. हेल्वी दारात टोपी घेऊन उभी होती. म्हणाली, डोकं ताळ्यावर आहे का? मी म्हणालो, आज डोकं मोकळं ठेवायचंय. ती म्हणाली, ते तर रोजच असतं.

हसू दे. योन्नाबाई, आता बघा.

४ डिसेंबर, संध्याकाळी
आज काही विशेष नाही. कान दुखतात.

५ डिसेंबर
दोन पानं मोकळी ठेवली होती म्हणून लिहितो. पान वाया घालवणं मला आवडत नाही.

सकाळी मॅनेजर खिडकीत होता. ट्रक गेटबाहेर उभा. योन्नाने हात वर केला, खाली आणला. माझी चार नंबर पहिल्या किल्लीत सुरू झाली, अगदी ठरवल्यासारखी. डोळ्यांत पाणी आलं आणि तिथेच गोठलं. गठ्ठा उचलला. मागे वळून पाहिलं, बाकीचे अजून धुराच्या ढगातच होते. शेड सोडली, वळण घेतलं, गेट समोर. सगळ्यांच्या पुढे मी. बोडकं डोकं मुद्दाम कॅबच्या खिडकीतून बाहेर काढलं, म्हणजे योन्नाला नीट दिसावं.

गेटच्या मधोमध इंजिन खोकलं. मग पुन्हा खोकलं. मग माझ्याशी जणू काही बोलायचंच नाही असं गप्प झालं.

किल्ली फिरवली. फिरवत राहिलो. नवी बॅटरी जोरात फिरवत होती, तिला दोष देता येणार नाही. उतरून फिल्टरचं भांडं उघडलं. आत पांढरंशार चिकट. जुन्या चरबीसारखं. इंजिन ऊबदार होतं, त्यात मी चुकलो नव्हतो. पण टाकी गार ती गारच. माझं मशीन गेटमध्ये आडवं, गठ्ठा काट्यांवर, बाहेरचा ट्रक आत येईना, आतली मशीनं बाहेर जाईनात. ट्रकवाला उतरला आणि सिगारेट पेटवून बघत उभा राहिला. मी झाकण उघडत होतो, लावत होतो. काहीतरी करत असल्यासारखं दिसायला हवं होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. मग योन्ना सात नंबरवरून आली आणि चार नंबरला साखळी लावून ओढत बाजूला घेऊन गेली. त्याच सात नंबरवरून, जिच्या सीटने माझी पाठ मोडली, आणि जिच्यात मी स्वतः हिवाळी डिझेल भरलं होतं. मागून टार्मोची दोन नंबर शांतपणे गेटबाहेर गेली. गठ्ठा ठेवला. टोपी त्याची झाली.

टार्मोचं इंजिन गरम कसं? तो म्हणाला, संध्याकाळी तुझी वायर एक नंबरवर दिसली. म्हटलं असू दे, तुला हवंय. मी सहावर लावली. जरा वारा आहे तिथे.

त्याने शिवी दिली असती तर मला बोलता तरी आलं असतं.

मॅनेजरने टोपी आणून टार्मोच्या हातात दिली. तेवढ्यात योन्ना माझ्याकडे बघत म्हणाली, काउको, तुझे कान पांढरे पडलेत. दोन्ही. पांढरा कान म्हणजे गोठायला लागलेला कान; इथे कुणाचाही तसा दिसला की सांगायचं असतं, मग तो वैरी का असेना. मी न ऐकल्यासारखं केलं. तिने टार्मोला म्हटलं, टोपी दे जरा. आणि ती टोपी तिने स्वतः माझ्या डोक्यावर चढवली, झापडं खाली ओढली आणि हनुवटीखाली नाडी बांधली. शाळेत जाणाऱ्या पोराची बांधतात तशी, दोनदा गाठ मारून. सगळ्यांसमोर. ट्रकवाल्यासमोर. मॅनेजरसमोर.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग तिने टाकीकडे बोट करून विचारलं, ऑगस्टचं? मी मान हलवली. या वेळी दिशा स्पष्ट होती. ती म्हणाली, होतं असं. घरी जा, आधी कान बघ.

एकूण हिशेब असा: गेटपर्यंत पहिला मीच पोचलो. ते कुणी नाकारू शकत नाही.

६ डिसेंबर
स्वातंत्र्यदिन. सुट्टी. हेल्वीने रिवाजाप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. दोन्ही कान पावासारखे फुगलेत. मी घरातच टोपी घालून बसलो. टार्मोला द्यायची आहे हे माहीत आहे. पण दारावर कुणी आलंच नाही, तर कशाला घाई?

हेल्वी म्हणाली, त्या बाईने तुझं काय बिघडवलंय? मी सांगायला घेतलं. मुकादमकी. खांब. कुलूप. साखळ्या. बॅटरी. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की बॅटरी तर तिने मला दिली होती. मग मी सांगणं थांबवलं. हेल्वी म्हणाली, पुढे? मी म्हणालो, पुढे थंडी पडली.

हेल्वी विणत नव्हती. पहिल्यांदाच सुया बाजूला ठेवून ऐकत होती, त्यामुळे जरा जडच गेलं.

९ डिसेंबर
चार नंबर गरम हॉलमध्ये उभी होती, टाकीतलं मेण विरघळलं. उपसायचं काम मला दिलं. योन्ना म्हणाली, तू भरलीस, तूच काढ. कॅन कॅनने काढलं. ऑगस्टमध्ये शेवटचा थेंब दाबून भरलं होतं, त्या प्रत्येक थेंबाची आज आठवण आली. टार्मो न सांगता येऊन पाइपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. त्याला टोपी दिली. त्याने आत नाक घालून वास घेतला आणि म्हणाला, हिवाळाभर तूच ठेव, मला डोकं खाजेल. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. खुर्चीही त्याची. मी आता दाराजवळ बसतो. दार उघडलं की पायाला लागतं.

सौनातली बॅटरी हातगाडीवर घालून आणली, गोणपाट न झाकता. योन्नाने ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बटाटे बरे वाढले. आणि चोरीची गोष्ट तिथेच संपवली. मॅनेजरलाही बोलली नाही.

मग मी ठरवलं. माणूस म्हणून एकदा बोलायला हवं. तिच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिलो. कान अजून ठणकत होते. घसा साफ केला आणि एवढ्या महिन्यांचा अबोला माझ्या हाताने मोडला. म्हणालो, टोपीबद्दल थँक्यू. मोठा क्षण होता. मला वाटलं, ती खुर्चीतून उठेल, कदाचित रडेलही.

ती म्हणाली, अरे, त्यात काय. मी म्हणालो, आणि इतके दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, त्याचं काही मनात ठेवू नकोस. ती खरंच विचार करत होती. मग म्हणाली, तू बोलत नव्हतास? मला वाटलं, कैनूचे लोक असेच असतात. मला टार्मो आणि तू, दोघं एकाच वळणाचे वाटायचे. उलट हेलसिंकीला फोन करून आईला सांगितलं, इथे एक काउको म्हणून आहे, त्याच्याशी माझं फार छान जमतं.

मी म्हणालो, हूं.

ऑगस्टपासून डिसेंबर. इतका सूड, आणि तिला पत्ताच नाही.

ठराव: उद्यापासून पुन्हा अबोला. या वेळी तिला आधी कळवून.